लेकीच्या चेहऱ्याला काय लावायचं?

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची अकरा वर्षांची लेक आजोळी राहून आली. परत आली तेव्हा तिचे गाल चांगले उजळ दिसत होते. शेजारच्या खाला म्हणाल्या, "नजर उतार हो हिची." आम्हा दोघांनाही बरं वाटलं, हे आधीच कबूल करतो. जुलै उजाडला तेव्हा तो उजळपणा लाल झाला होता. गालांवर बारीक पुळ्या उठल्या आणि फजरच्या वुजूचं साधं पाणी लागलं तरी "अम्मी, जळतंय" असं ती म्हणू लागली. खोदून विचारल्यावर कपड्यांच्या घडीतून एक ट्यूब निघाली. मामीजवळची अर्धी उरलेली.

मामीने ती औषधाच्या दुकानातून आणली होती, डॉक्टरची चिठ्ठी न दाखवता. लेकीला ती लाव म्हणून कुणीच सांगितलं नव्हतं. फक्त एका शादीत कुणीतरी हसत म्हणालं होतं, "पोरगी रंगाने अम्मीवर गेली असती तर बरं झालं असतं." मोठी माणसं असं बोलतात आणि बिर्याणीकडे वळतात. पोरं ते वाक्य घरी घेऊन येतात.

त्वचारोगाच्या डॉक्टरांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं आम्हाला वाचायला लावली. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन. यातलं पहिलं स्टेरॉइड. इसबासारख्या आजारात डॉक्टर ते मोजून देतात आणि तेव्हा ते उपयोगीच असतं. पण गोरेपणासाठी रोज चेहऱ्यावर चोळलं की कातडी पातळ होत जाते, बारीक शिरा दिसू लागतात, पुळ्या येतात, कधी लव वाढते. सोडावं तर चेहरा आणखी लाल होऊन जळतो, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो. बीटामेथासोन आणि क्लोबेटासोल ही याच घराण्यातली आणखी दोन नावं. अशी क्रीम चिठ्ठीशिवाय विकण्याची सवलत सरकारने 2018 साली काढून घेतली, तरी ती हातोहात मिळतात. ज्यांनी बरेच महिने लावली असेल त्यांनी ती मनाने एकदम बंद करू नये. कशी सोडायची ते डॉक्टर सांगतात, आमच्या लेकीलाही त्यांनीच लिहून दिलं.

बिनपत्त्याच्या, बाहेरदेशातून आलेल्या गोऱ्या करणाऱ्या डब्यांची गोष्ट याहून वाईट आहे. त्यातल्या काहींत पारा सापडतो. 2023 मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या मायलेकींची बातमी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. क्रीम लावून तिघींच्या मूत्रपिंडाला त्रास झाला आणि तपासणीत पारा निघाला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनाही असेच रुग्ण भेटले. डब्यावर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, किंवा 'मर्क्युरी', 'कॅलोमेल' असं काही लिहिलेलं आहे, तर तो डबा घरात ठेवूच नये. आखातातून आलेल्या पाहुण्यांनी प्रेमाने दिलेला असला तरी.

मग या वयाच्या मुलांना लागतं तरी काय? डॉक्टरांनी आमच्यासाठी जे लिहिलं ते औषधाची चिठ्ठी वाटण्याइतकंही नव्हतं. सौम्य साबण किंवा फेसवॉश दिवसातून दोनदा, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, उन्हात जाताना सनस्क्रीन. आम्ही विचारलं, "बस, एवढंच?" ते म्हणाले, "एवढंच, आणि बाकी काही नाही, हे महत्त्वाचं."

आठ-दहा वर्षांच्या सुमारास शरीरात बदल सुरू होतात, कातडीखालच्या तेलग्रंथी जाग्या होतात. नाक, कपाळ चमकू लागतं, एखादी पुळी येते. हे मळामुळे होत नाही. तेल आणि मेलेल्या पेशी रोमछिद्रात अडकतात म्हणून होतं. त्यामुळे घासून काही निघत नाही, उलट चिडतं. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट हे उपाय आमच्याही घरात पिढ्यान् पिढ्या चालले. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडू शकतात, हे आम्हाला आता कळलं. रीलमध्ये दिसणारी रेटिनॉलची आणि आम्लांची सीरम मोठ्यांच्या कातडीसाठी असतात. लहानांचा चेहरा त्यांनी सोलवटतो.

आपल्या घरांत एक सोय आधीच आहे. नमाज शिकणारं मूल दिवसातून अनेकदा तोंड धुतंच. मात्र प्रत्येक वुजूला साबण लावायचा नाही. सकाळी एकदा, आणि खेळून घामेजून आल्यावर किंवा रात्री एकदा, इतका पुरे. बाकी वेळी नुसतं पाणी. ज्यांच्याकडे बोअरचं खारं पाणी आहे त्यांना कातडी ताठ झाल्यासारखी वाटते. साबण खाऱ्या पाण्यात नीट निघत नाही हे त्याचं एक कारण. चेहरा टॉवेलने घासायचा नाही, टिपायचा, आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. अम्मींचा नेहमीचा प्रश्न असतो, क्रीमवर वुजू होते का? कातडीत मुरणाऱ्या क्रीमचा नेलपॉलिशसारखा पाणी अडवणारा थर राहत नाही. जाड मेणासारखं काही असेल तर धुऊन घ्यावं, आणि मनात शंका उरली तर आपल्या आलिमांना विचारावं. पायाच्या बोटांमधली जागा मात्र मोजे घालण्याआधी कोरडी करायला शिकवा. ओल्या बोटांत चिखल्या होतात आणि शाळेचे बूट त्यांना खतपाणी घालतात.

स्कार्फ बांधणाऱ्या मुलींच्या कपाळावर केसांच्या कडेने पुळ्या दिसल्या तर आधी तेलाची बाटली बघा. आमच्या दादी चपचपीत तेल लावून वेणी घालायच्या. ते तेल स्कार्फखाली उतरून कपाळावर दिवसभर बसायचं. आता तेल सुट्टीच्या दिवशी, धुण्याआधी. स्कार्फ सुती, आणि रोज धुतलेला. मुलांच्या टोपीलाही हाच न्याय, आणि मुलांच्या चेहऱ्यालाही. आमच्या तेरा वर्षांच्या मुलाला पुळ्या फोडायची खोड आहे, पण त्याच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नव्हतं कारण तो मुलगा. फोडलेल्या पुळीचा खड्डा मुलगा-मुलगी बघत नाही.

गालावर फिकट पांढरे चट्टे आले की लोक कॅल्शियमच्या गोळ्या सुचवतात, नाहीतर जंताचं औषध. आमच्या धाकट्यालाही दोन्ही देऊन झालं होतं. मुलांमध्ये हे चट्टे बहुतेक वेळा कोरड्या, हलक्या इसबाचे असतात. उन्हाने भोवतालची कातडी सावळी झाली की ते उठून दिसतात. नियमित मॉइश्चरायझर आणि उन्हापासून बचाव, यावर सावकाश जातात. एकदा डॉक्टरांना दाखवलेलं बरं. मोठ्या दुखऱ्या गाठी, खड्डे पडणारी पुरळ, किंवा सात वर्षांच्या आतच मुरुमं, यांसाठीही थांबू नये.

सनस्क्रीन एसपीएफ 30 चं पुरतं. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर मावेल इतकं. पण ते का लावायचं हे सांगताना आमचीच जीभ अडखळली. वर्षानुवर्षं आम्ही लेकीला म्हणत आलो होतो, "उन्हात खेळू नको, काळी होशील." त्या ट्यूबचा दोष आम्ही मामीवर टाकला, दुकानदारावर टाकला, शादीतल्या त्या बाईवर टाकला. हे वाक्य आमचं होतं. आता आम्ही म्हणतो, "लाव, ऊन भाजतं." एवढा बदल करायला आम्हाला महिना लागला. नानीला अजून जमत नाही, त्या मधेच म्हणून जातात आणि मग स्वतःच "तौबा" म्हणतात.

गाल पूर्ववत व्हायला चार महिने गेले. मामीनेही डॉक्टर गाठला, तिचं अजून चालू आहे. लेकीने न्हाणीघरात स्वतःसाठी एक छोटा टॉवेल टांगला आहे, दर जुम्याला स्वतः धुते. मोठा भाऊ तो गुपचूप वापरतो, आणि रोज फजरला त्यावरून भांडण होतं.