पिल्लू घरी आणताय? आधी उंदराचे औषध कुठे ठेवले आहे ते पाहा

वाशीम जिल्ह्यातल्या अनेक घरांत शेती आणि संसार एकाच छपराखाली असतात. ओसरीत सोयाबीनची पोती, पोत्यांमागे उंदराचे औषध, कोपऱ्यात फवारणीचा पंप आणि त्याच्या शेजारी अर्धी उरलेली बाटली. घरातल्या मोठ्यांना कशाला हात लावायचा नाही ते पाठ असते. दीड-दोन महिन्यांचे पिल्लू मात्र प्रत्येक वस्तू तोंडात घालूनच ओळखते. म्हणून पट्टा आणि भांडे नंतर घ्या. आधी खाली बसा आणि जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत काय काय पडले आहे ते पाहा.

उंदराच्या औषधाचे दोन प्रकार

काळसर भुकटी मिळते ती झिंक फॉस्फाइडची. ती पिठाच्या गोळीत किंवा भज्यात घालून ठेवतात, आणि ते भजे उंदराइतकेच पिल्लालाही आवडते. पोटातल्या आम्लाशी संयोग झाला की तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. काही तासांच्या आत उलट्या, पोटदुखी, धाप आणि झटके सुरू होतात. अशा वेळी ‘विष उतरावे’ म्हणून दूध किंवा भाकर खाऊ घातली जाते. त्याने उलट नुकसान होते, कारण अन्न गेले की पोटात आम्ल वाढते आणि वायूही जास्त तयार होतो. उलटीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर पिल्लाला मोकळ्या हवेत न्या. तो वायू तुम्हालाही बाधतो, त्यामुळे गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवा. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून हाच वायू निघतो. माणसे झोपतात त्या खोलीत त्या कधीच नसाव्यात, पिल्लू असो वा नसो.

दुसरा प्रकार म्हणजे रंगीत वडी. तिच्यात बहुधा ब्रोमॅडिओलोन असते. ही वडी खाल्लेले पिल्लू त्या दिवशी खेळते, जेवते, शेपूट हलवते. घरचे म्हणतात, काही झाले नाही. पण रक्त गोठवणाऱ्या घटकांसाठी लागणाऱ्या ‘के’ जीवनसत्त्वाचे काम आत थांबलेले असते. शिल्लक घटक संपायला तीन ते पाच दिवस लागतात. मग हिरड्यांतून रक्त, काळी शी, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, धाप. के-१ जीवनसत्त्व वेळेत सुरू केले आणि सांगितले तितके आठवडे दिले तर बहुतेक पिल्ले वाचतात. म्हणून वडी कुरतडलेली दिसली की लक्षणांची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. औषधाचे पाकीट सोबत न्या. कोणते विष आहे ते कळले की उपचाराचा निम्मा प्रश्न सुटतो.

कोणत्याही विषात मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. मिठाचेच विष होऊ शकते आणि उलटी फुफ्फुसात जाण्याची भीती असते.

पेरणीच्या दिवसांत

जूनमध्ये बीजप्रक्रिया केलेले सोयाबीन थोडे उरते आणि पोत्याच्या तळाशी तसेच राहते. ते गुलाबी-लाल दाणे पिल्लाच्या वाट्याला येऊ नयेत. फवारणीची औषधे कुलपात ठेवा. उंच फळीवरची बाटली मांजर पाडते, त्यामुळे नुसती उंची पुरत नाही. तोंडातून सतत लाळ, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, अंगाची थरथर आणि पुन्हा पुन्हा शी-लघवी ही ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेची चिन्हे आहेत. अ‍ॅट्रोपिन हे तिच्यावरचे औषध पशुवैद्यकाकडे असते, पण तिथे पोहोचायला वेळ फार थोडा मिळतो.

गोचिडांसाठी शेतातले कीटकनाशक पिल्लाच्या अंगाला लावण्याची पद्धत तर पूर्ण बंद करायला हवी. पिल्लू अंग चाटते आणि विष पोटात जाते. डायक्लोरव्हॉस आणि फोरेट यांवर 2020 च्या अखेरीपासून देशात बंदी आहे, तरी जुने डबे घराघरांत सापडतात. गाईम्हशींचे गोचिडाचे औषध ‘थोडे पातळ करून’ लावणेही तितकेच धोक्याचे. पिल्लाच्या वजनाप्रमाणे औषध पशुवैद्यकाकडूनच घ्या. माणसांच्या गोळ्यांचेही तसेच. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या जठरात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

स्वयंपाकघर आणि कूलर

कांदा-लसणाचा रस्सा, मनुके आणि चॉकलेट देऊ नका. आंब्याची कोय आणि मक्याच्या कणसाचा बुरकुंडा गिळला तर आतड्यात अडकतो आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियाच करावी लागते. शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार काचऱ्या होतात. सुई-दोरा आणि खेळण्यांतल्या चपट्या बॅटऱ्या उचलून ठेवा.

विदर्भातल्या उन्हाळ्यात कूलर चोवीस तास चालू असतो. त्याची वायर जमिनीवरून गेलेली, खाली पाणी सांडलेले आणि पिल्लाचे दात शिवशिवत असतात. वायर भिंतीला वर बांधा आणि अर्थिंग तपासून घ्या. पिल्लाने वायर तोंडात धरलेली दिसली तर आधी मुख्य बटण बंद करा, मगच त्याला हात लावा. पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याला कोंडून ठेवू नका. विहिरीचा काठ, उघडे हौद आणि कठडा नसलेली गच्ची अडवून घ्या.

घरात आधी पिल्लू दगावले असेल तर

रक्ताची हगवण लागून आधीचे पिल्लू गेले असेल, तर तो पार्व्हो असण्याची शक्यता असते. हा विषाणू मातीत आणि फरशीच्या फटींत महिनोन्महिने टिकतो. साध्या फिनाइलने तो मरत नाही. फरशी आधी साबणाने धुवा, मग एक भाग घरगुती ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट) आणि तीस भाग पाणी या द्रावणाने दहा मिनिटे ओली ठेवा. अंगणातल्या मातीवर हा उपाय नीट चालत नाही. त्यामुळे नवीन पिल्लाच्या लसी पूर्ण होईपर्यंत त्याला तिथे सोडू नका. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत. एकच डोस देऊन थांबू नका.

घरातल्या माणसांसाठी

पिल्लांच्या पोटात जन्मतःच जंत असू शकतात. त्यांची अंडी शीतून बाहेर पडतात, पण लागण करण्याजोगी व्हायला त्यांना काही आठवडे लागतात. म्हणून शी रोजच्या रोज उचलून पुरली तर मुलांना असलेला धोका बराच कमी होतो. जंताचे औषध सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी लागते.

रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. त्याआधी, विशेषतः रस्त्यावरून उचलून आणलेले पिल्लू चावले किंवा त्याने ओरखडले, तर ‘लहान तर आहे’ म्हणून सोडून देऊ नका. लहान पिल्लालाही रेबीज होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. तिथे लस मोफत मिळते. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ती 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असते. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते, त्याबद्दल स्वतः विचारा. पिल्लाला दहा दिवस नजरेसमोर ठेवा, पण लस सुरू करायला ते दहा दिवस संपण्याची वाट पाहू नका.

पिल्लासाठी मदत हवी असेल तर जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा 1962 हा निःशुल्क क्रमांक आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात भागले नाही, तर अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत जाता येते. दोन्ही दवाखान्यांचे पत्ते आणि वेळा पिल्लू आणण्याआधीच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.