रेघ ओढली म्हणजे तुटलं का?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं, अखंड वस्तूचे भाग आपण पाडतो, की ते आधीच तिथे असतात? आज त्याकडे संगणकाच्या पडद्यावरून बघू. यंत्रांशी माझा संबंध जुन्या स्कूटरपुरता. पण माझी नात यंत्रांचे सुटे भाग 'कॅड'मध्ये रचते, आणि तिच्या शेजारी बसून मला जे कळलं ते सांगतो.

संगणकात घनवस्तू बहुधा तिच्या आवरणावरून साठवतात: कोपरे, कडा आणि कडांनी वेढलेले फेस. फेस आणि सरफेस एक नव्हेत, बरं का. सरफेस म्हणजे गणितातला पृष्ठभाग, उदाहरणार्थ चहूकडे पसरत जाणारं सपाट प्रतल. त्यावर कडांचं कुंपण घातलं की आतला तुकडा झाला फेस.

आता धातूचा एक ठोकळा घ्या. त्याच्या वरच्या बाजूला एका ठिकाणी वॉशर बसणार आहे, आणि बोल्टचा दाब तेवढ्याच गोलावर पडतो असं दाखवायचंय. संगणकाला 'हे इथे' कळत नाही, त्याला फेस लागतो. म्हणून सॉलिडवर्क्समध्ये 'स्प्लिट लाइन' नावाची सोय आहे. वर्तुळ काढायचं, ते पृष्ठावर उमटवायचं. एका फेसचे दोन झाले. धातू मात्र रतीभरही हलला नाही. खालचा सरफेस तोच.

वर्तुळाऐवजी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढलीत, तर हिशेब सुंदर दिसतो. ठोकळ्याचे ८ कोपरे, १२ कडा, ६ फेस; ८ − १२ + ६ = २. रेघेनंतर ८ − १३ + ७, पुन्हा २. ऑयलरचा हा नियम. भाग वाढला, पण वस्तू एकच राहिली.

दुसरा प्रकार रायनोमध्ये पाहिला. तिथे नुसत्या सरफेसवर 'स्प्लिट' चालवलं, की दोन स्वतंत्र वस्तू होतात. गंमत अशी, की प्रत्येक तुकड्याखाली सहसा मूळचा पूर्ण सरफेस शिल्लक असतो. 'अनट्रिम' केलंत की तो परत येतो! पण तो आपला आजचा मुद्दा नाही. मुद्दा हा, की दोन तुकडे अगदी खेटून दिसतात, तरी मधली कड एक नसते. याची एक, त्याची एक.

ॲरिस्टॉटलनं 'फिजिक्स'मध्ये नेमका हाच भेद केला आहे. ज्यांची टोकं एकत्र येतात ते एकमेकांना लागून. ज्यांची टोकं एकच होतात ते अखंड. आपल्याकडे वैशेषिकांनी गुणांच्या यादीत पृथक्त्व, संयोग आणि विभाग असे तीन वेगळे गुण मोजले. शेजारी आहे म्हणून पृथक् नाही, असं होत नाही. भाऊ-भाऊ वाटणी करून एकाच वाड्यात राहतात, तसं म्हणा हवं तर.

हा शब्दांचा खेळ नाही. नातीचे दोन दिवस याच्यात गेले. पातळ पत्र्याचा एक भाग तिनं सरफेसचे तुकडे करून मांडला आणि ताण तपासायला दिला. रंगीत चित्र आलं: एका तुकड्यावर ताण भरपूर, लगेच शेजारी शून्य. ती आधी आकडे तपासत बसली. आकडे बरोबर होते. कड सामायिक नव्हती, म्हणून दोन्ही तुकड्यांच्या जाळ्या वेगवेगळ्या विणल्या गेल्या आणि बळ पलीकडे पोचलंच नाही. डोळ्यांना फट दिसत नव्हती, कारण फट नव्हतीच! प्रत्यक्षात कोणी त्या चित्रावर विश्वासून पत्रा आणखी पातळ केला असता तर?

फेस पाडताना असं का होत नाही? मधली कड कोणाची, हा जुना प्रश्न. कॅडचं उत्तर मला आवडलं: कड एकच, पण दोन्ही फेस ती वापरतात, उलट दिशांनी. एक डावीकडून उजवीकडे, दुसरा उजवीकडून डावीकडे. मालकी दोघांची, आणि भांडणही नाही.

मग नातीनं तुकडे 'जॉइन' केले. तिथे एक सहनमर्यादा ठरवावी लागते, समजा ०.००१ मिलिमीटर. अंतर त्याहून कमी असेल तर दोन कडांची एक होते, जास्त असेल तर नाही. मी तिला विचारलं, "हा आकडा कोण ठरवतं?"

"मीच, आजोबा," ती म्हणाली, आणि तिनं जाळी पुन्हा विणायला लावली.