झडप बदलली, हृदयाची ताकद किती टिकते?

तुळिंज (प्रतिनिधी) : हृदयाची खराब झालेली झडप काढून नवी बसवली, की हृदय पूर्ववत झाले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही काही रुग्णांच्या हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता आधीपेक्षा कमी झालेली दिसते, तर काहींची वाढलेली आढळते. कोणती झडप बदलली, कोणत्या पद्धतीने बदलली आणि वेळेत बदलली का, यावर हे बव्हंशी अवलंबून असते.

हा प्रश्न तुळिंजसारख्या दाट वस्तीच्या जवळचा आहे. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे होणारी घशाची लागण दाटीवाटीच्या घरांत लवकर पसरते. उपचार अपुरे राहिल्यास काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा जाड, आक्रसलेल्या किंवा गळक्या होतात. पाच ते पंधरा वर्षांच्या वयातील हे दुखणे पुढे ऐन तारुण्यात धाप लागण्याच्या रूपाने समोर येते. मग नालासोपाऱ्याहून लोकल पकडून परळचे केईएम किंवा मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय गाठण्याची वेळ येते.

आकडा का घसरतो?

टू-डी इकोच्या अहवालात ‘ईएफ’ असा एक आकडा असतो. हृदयाचा डावा खालचा कप्पा आपल्यातील किती टक्के रक्त एका ठोक्यात पुढे ढकलतो, हे तो सांगतो. निरोगी हृदयात तो साधारण ५५ ते ७० असतो. मात्र डावीकडील दोन कप्प्यांमधली मिट्रल झडप गळत असेल, तर हा आकडा फसवा ठरतो. कप्प्यातील काही रक्त सोप्या वाटेने मागे जाते. कप्पा रिकामा होतो, पण शरीराला रक्त कमीच मिळते. झडप बदलल्यावर मागची वाट बंद होते, सारे रक्त महाधमनीतच ढकलावे लागते आणि स्नायूचा आधीपासूनचा थकवा उघड होतो. म्हणूनच आकडा फार घसरण्यापूर्वी शस्त्रक्रिया करण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो.

दोऱ्या तोडाव्यात की राखाव्यात?

मिट्रल झडपेच्या पाकळ्या दोऱ्यांसारख्या तंतूंनी कप्प्याच्या भिंतीतील स्नायूंशी बांधलेल्या असतात. हे तंतू कप्प्याचा आकार आणि आकुंचनही सांभाळतात. अमेरिकेत डॉ. अल्बर्ट स्टार यांनी १९६० मध्ये कृत्रिम मिट्रल झडप यशस्वीपणे बसवली. त्या काळी पाकळ्यांसह तंतूही कापून टाकले जात. डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी १९६४ मध्ये तंतू राखून झडप बदलण्याची पद्धत मांडली. पुढे, १९८० च्या दशकातील अभ्यासांतून तंतू राखलेल्या रुग्णांचे हृदय अधिक चांगले काम करते, हे स्पष्ट झाले. संधिवाताच्या तापाने तंतू जाड होऊन एकमेकांस चिकटले असतील, तर ते सगळे राखता येत नाहीत. अशा वेळी निदान मागच्या पाकळीचे तंतू वाचवण्याचा किंवा कृत्रिम धागे बसवण्याचा पर्याय असतो.

महाधमनीच्या झडपेचे गणित निराळे आहे. ती अरुंद झालेली असेल, तर बदलताच हृदयापुढचा अडथळा दूर होतो. स्नायूची जाडी काही महिन्यांत उतरते आणि खालावलेली क्षमता अनेकदा सुधारते. छाती न उघडता, नळीवाटे ही झडप बसवण्याचे तंत्र फ्रान्सचे डॉ. अलँ क्रिबिये यांनी २००२ मध्ये प्रथम वापरले. वृद्ध आणि जोखमीच्या रुग्णांना त्याचा विशेष उपयोग होतो. खर्च मात्र मोठा आहे.

धातूची की जैविक?

हृदयाच्या ताकदीत या निवडीने फारसा फरक पडत नाही. झडपेचे माप शरीराला पुरेसे असणे अधिक महत्त्वाचे. यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि ‘आयएनआर’ तपासणी आयुष्यभर करावी लागते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली आणि डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णात बसवलेली स्वदेशी चित्रा झडप याच प्रकारातली. जैविक झडपेला बहुधा ही गोळी कायम लागत नाही, परंतु तरुण वयात ती लवकर झिजते. ही गोळी गर्भाला अपायकारक ठरू शकत असल्याने मातृत्वाचा विचार असलेल्या स्त्रियांनी निवडीपूर्वीच डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी नातेवाइकांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : झडप बदलण्याऐवजी दुरुस्त करता येईल का? बदलावी लागल्यास तंतू राखता येतील का? आणि पुढचा इको केव्हा? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा समावेश असल्याने शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या मुलांना डॉक्टर दर तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देतात. ते वर्षानुवर्षे, न चुकता घ्यावे लागते. मूल बरे दिसते म्हणून पालकांनी ते परस्पर थांबवू नये. झडपेचे पुढचे नुकसान टाळण्याचा हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे.