बर्फ मागे सरला त्या वाटेने

१७९४ साली कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतली माणसं अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर पोचली, तेव्हा आजची ग्लेशियर बे जवळजवळ नव्हतीच. तिच्या तोंडाशी बर्फाची भिंत उभी होती. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर ट्लिंगिट जमातीच्या वल्हेकऱ्यांच्या होडीतून तिथे गेला, तोवर बर्फ साठ किलोमीटरहून अधिक आत सरकला होता. आज बर्फापर्यंत पोचायला तोंडापासून सुमारे शंभर किलोमीटर आत जावं लागतं. ही सगळी वाट एका दिवसात दाखवणारी लहान बोट उन्हाळ्यात बार्टलेट कोव्हच्या धक्क्यावरून सकाळी सुटते आणि साधारण आठ तासांनी परत येते. सोबत राष्ट्रीय उद्यानाचा रेंजर असतो.

या खाडीत मोठी प्रवासी जहाजंही येतात, पण दिवसाला दोनच. त्यांच्या उंच डेकवरून हिमनदी सुंदर दिसते. कड्यावर बसलेला पफिन पक्षी मात्र ठिपका होऊन जातो. लहान बोट साउथ मार्बल बेटाजवळ वेग कमी करते, थांबते. आधी वास येतो, मग डरकाळ्या ऐकू येतात, मग खडकांवर लोळणारे स्टेलर समुद्रसिंह दिसतात. वरच्या कपारींत किटिवेक आणि मर पक्ष्यांची दाटी, आणि नारिंगी चोचीचे पफिन. माझ्या मते बोटीचं खरं मोल या थांबण्यात आहे.

हंपबॅक देवमासे हिवाळा हवाईच्या उबदार पाण्यात काढतात आणि उन्हाळ्यात इकडे खायला येतात. प्रत्येकाच्या शेपटीखालची काळी-पांढरी नक्षी वेगळी असते, त्यावरून उद्यानाचे शास्त्रज्ञ १९८५ पासून एकेकाची नोंद ठेवत आले आहेत. त्यांच्यापासून पाव सागरी मैल दूर राहायचं, त्यांच्या वावराच्या पाण्यात वेग आवरायचा, असे नियम आहेत. नियमांची गरज का पडते, हे धक्क्याजवळच कळतं. २००१ मध्ये जहाजाची धडक बसून मेलेल्या ‘स्नो’ नावाच्या गाभण मादीचा पूर्ण सांगाडा तिथे मांडला आहे.

पुढची वाट किनाऱ्याकडे बघत कापावी. तोंडाशी स्प्रूस आणि हेमलॉकचं दाट, शेवाळलेलं रान. आत जाल तसं ते विरळ होतं. मग आल्डर आणि विलोची झुडपं, मग जमिनीलगत पसरलेली ड्रायस, आणि शेवटी उघडा खडक. जिथून बर्फ आधी गेला तिथे रान जुनं, जिथून अलीकडे गेला तिथे कोवळं. आल्डर आणि ड्रायस जमिनीत नायट्रोजन साठवतात, त्यावर पुढची झाडं पोसतात. विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ पासून इथे चौरस आखून हा बदल नोंदवायला घेतला. त्याच्याच पाठपुराव्यामुळे १९२५ मध्ये या खाडीला राष्ट्रीय स्मारकाचं संरक्षण मिळालं.

टोकाला मार्जरी हिमनदी. पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंचीचा निळसर कडा. दाबाने घट्ट झालेला बर्फ तांबडा प्रकाश शोषतो, म्हणून ही निळाई. बोट इंजिन मंद करून थांबते. कडा कोसळताना आधी दिसतो, आवाज मागाहून पोचतो. वितळलेलं पाणी खालून उसळताना खाद्य वर आणतं, म्हणून किटिवेकचे थवे नेमके तिथेच घिरट्या घालतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. म्यूरने पाहिलेली माघार ‘लघु हिमयुग’ नावाचा थंड काळ संपल्यावर सुरू झालेली होती. तिचं सगळं खापर आजच्या तापमानवाढीवर फोडता येत नाही. पण आजची वाढती उष्णता अलास्कातल्या बहुतेक हिमनद्या झिजवते आहे, हेही तितकंच खरं. चांगला रेंजर या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून सांगतो.

शेजारच्या जॉन्स हॉपकिन्स फाट्यात मे-जूनमध्ये बोटींना बंदी असते. तिथे हिमखंडांवर सील माद्या पिलांना जन्म देतात. ‘तिथे का नाही नेत?’ असं विचारणाऱ्या प्रवाशाला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

या खाडीचे मूळ रहिवासी हूना ट्लिंगिट. अठराव्या शतकात पुढे सरकणाऱ्या बर्फाने त्यांची गावं गिळली, आणि ते आइसी सामुद्रधुनीपलीकडे जाऊन वसले. बर्फ हटला, पण पुढे उद्यानाच्या नियमांनी त्यांना गल पक्ष्यांची अंडी गोळा करण्याचीही मनाई केली. २०१४ च्या कायद्याने तो हक्क मान्य केला, आणि २०१६ मध्ये बार्टलेट कोव्हच्या किनाऱ्यावर त्यांचं कोरीव लाकडी कुलगृह उभं राहिलं. बोटीच्या धक्क्यापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे जाण्यासाठी वेळ राखून ठेवावा.