कपावरची अजिंठ्याची कमळे

चाकणला शिफ्ट सुटली की गेटसमोरच्या टपरीवर आम्ही सारे एकाच ट्रेमधले कप उचलतो. कोणता कप कोणाचा, हे कोणी विचारत नाही. आमच्या आजोबांचे तसे नव्हते. गावच्या हॉटेलात त्यांच्यासाठी वळचणीला एक कानतुटका कप खोचलेला असे. चहा वरून ओतला जाई. पिऊन झाला की कप आपणच विसळून पुन्हा तिथेच खोचायचा. म्हणून कपबशीची गोष्ट आम्हांला साधी वाटत नाही.

राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात (१८३७ ते १९०१) विलायतेत चहाच्या टेबलाला मोठा मान आला. स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांत हाडांची राख घातलेल्या चिनीमातीचे कप होत. त्यांवर गुलाब, पक्षी, सोनेरी कडा हाताने रंगवीत. त्या कामात बायका नि पोरीही होत्या. झिलईत शिसे असे. ते अंगात भिनून कित्येक कामगारांचे हात लुळे पडले. नक्षी साहेबाच्या टेबलावर आणि विष कामगाराच्या अंगात!

त्याच काळात मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी कुंभारकाम सुरू केले. तिथलेच जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करीत होते. लेण्यांतली कमळे, वेलबुट्टी मग विद्यालयाच्या फुलदाण्यांवर, थाळ्यांवर उतरली. ही भांडी विलायतेस गेली, साहेबांच्या दिवाणखान्यांत मांडली गेली. नकलांपैकी पुष्कळशा १८८५ साली लंडनच्या आगीत जळाल्या. भांडी मात्र भट्टीतून निघालेली, ती टिकली. बुद्धाच्या लेण्यातले कमळ परदेशी कपाटात मानाने बसले होते आणि बुद्धाच्या वाटेने पुढे जाणाऱ्यांचे वाडवडील इथे वळचणीचा कप विसळीत होते.

मुलांना राणीच्या बागेत न्याल तेव्हा शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातही न्या. त्या काळची मुंबईची भांडी तिथे पाहायला मिळतात. मुलांना आधी कमळ शोधायला सांगा.

भगिनींनो, बाजारात जुनी रंगीत कपबशी स्वस्तात मिळाली तर नक्षीवरून नख फिरवून पाहा. रंग उंच लागला तर तो झिलईच्या वर चढवलेला समजावा. जुन्या रंगांत, झिलईतही शिसे असू शकते. अशी बशी फळीवर शोभेला ठेवावी. लिंबाचे, चिंचेचे आंबट तीत वाढू नये, लेकरांना तर मुळीच नको.