फोटोखालची तारीख
पंखांचे पंचांग : लेखांक सहावा

गेल्या लेखात आपण अळ्यांच्या भोजनवनस्पती पाहिल्या : कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन, रुईवर प्लेन टायगर, पानफुटीवर रेड पिएरो. फुलपाखरे कुठे शोधायची, हे त्यातून कळते. ती कधी शोधायची, हा आजचा प्रश्न आहे. त्याचे ठरलेले उत्तर म्हणजे ‘पावसाळ्यात, फार तर दिवाळीपर्यंत’. सप्टेंबर-ऑक्टोबरात सह्याद्रीच्या उतारांवर फुलपाखरांची रेलचेल असते हे खरेच आहे. पण तेवढ्याच दिवसांत कॅमेरा बाहेर काढणाऱ्याच्या पदरी जातींची यादी पडते, त्या जातींचे जगणे पडत नाही. माझे म्हणणे असे, की दहा जागा एकदा पाहण्यापेक्षा एकच जागा बाराही महिने पाहावी आणि प्रत्येक फोटोवर तारीख असावी. पाकोळीच्या बाबतीत तारीख ही नुसती नोंद नसते, ती ओळखीचाच भाग असते.

याचा पुरावा थेट लिनियसपर्यंत मागे जातो. सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या या अभ्यासकाने १७५८ साली ‘अल्माना’ आणि ‘अस्टेरी’ अशा दोन जातींचे वर्णन केले. एकीच्या पंखांच्या कडा कोनदार, टोकदार आणि खालची बाजू वाळक्या पानासारखी. दुसरीच्या कडा गोलसर आणि खालच्या बाजूवर ठसठशीत डोळे, म्हणजे डोळ्यांसारखे ठिपके. आज आपण ज्याला पीकॉक पॅन्सी म्हणतो, त्याच एका फुलपाखराची ही कोरड्या ऋतूतली आणि पावसाळी अशी दोन रूपे आहेत. लिनियससमोर टाचणीला टोचलेले नमुने होते, त्यामागचा ऋतू नव्हता. संध्याकाळी घराच्या आसपास फडफडणाऱ्या कॉमन इव्हनिंग ब्राउनच्या दोन रूपांनाही अशीच दोन वेगळी नावे मिळाली होती. हा गुंता सुटला तो जिवंत निरीक्षणातून. १८८०च्या दशकात कोलकात्यात लायनेल द निसेव्हिल यांनी अशा फुलपाखरांच्या अळ्या अंड्यापासून वाढवल्या आणि ही एकाच जातीची ऋतुमानानुसार होणारी रूपे असल्याचे दाखवून दिले.

ही रूपे का बदलतात, हे समजले की तारखेचे मोल आणखी वाढते. पावसाळ्यात गवत हिरवे असते, फुलपाखरू सतत हालचाल करते, त्यामुळे लपून राहणे त्याला जमण्यासारखे नसते. तेव्हा पंखांच्या कडेचे डोळे पक्ष्याची चोच किंवा पालीचा जबडा अंगाऐवजी कडेकडे वळवतात. पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. गवत वाळले की तेच डोळे घात करतील. आता पाचोळ्यात निश्चल बसण्यातच सुरक्षितता असते, म्हणून डोळे पुसट होतात आणि पंख पाचोळ्याचा रंग घेतात. इव्हनिंग ब्राउनच्या आफ्रिकेतील एका नातलगावर बरेच प्रयोग झाले आहेत. अळी सुमारे २७ अंशांत वाढली तर पावसाळी रूप येते, २० अंशांखाली वाढली तर कोरड्या ऋतूचे. म्हणजे आज पंखावर जे दिसते, ते काही आठवड्यांपूर्वीच्या हवेने लिहिलेले असते. म्हणूनच पंख मिटून बसलेल्या फुलपाखराचा, खालच्या बाजूचा फोटो कधीही टाळू नये. उघड्या पंखांचा देखणा फोटो जात सांगतो, मिटलेल्या पंखांचा फोटो काळ सांगतो.

यावर पहिला आक्षेप असा, की एप्रिल-मे महिन्यांत पाहण्यासारखे असतेच काय? पण न दिसणे आणि नसणे यांत अंतर आहे. पूर्व विदर्भात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणारा टसरचा पतंग कोरडे महिने कठीण कोषात काढतो आणि पावसाच्या चाहुलीने बाहेर येतो. कोषाचा मे महिन्यातला फोटो आणि पतंगाचा जूनमधला फोटो एकत्र ठेवले, तरच त्याचे वर्ष पूर्ण होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भारतात फुलपाखरांच्या सुमारे तेराशे जाती आहेत, तर पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. त्यांतल्या कित्येक पतंगांची जात शरीराची सूक्ष्म तपासणी केल्याशिवाय ठरत नाही, मग फोटोचा उपयोग काय? मर्यादा खरी आहे, आणि म्हणून फोटोवरून जातीचे नाव ठोकून देण्याची घाई करू नये, कुळापर्यंत थांबण्यात कमीपणा नाही. पण कोणत्या महिन्यात, कोणत्या झाडावर, कोणत्या अवस्थेत, हे प्रश्न टाचणीचा नमुना सोडवत नाही. ते तारीखवार फोटोच सोडवतात. शिवाय कण्हेरीवर वाढणारा ओलिअँडर हॉकमॉथ किंवा चंद्रपतंग यांसारखे ठळक पतंग फोटोवरूनही ओळखता येतात.

तिसरा आक्षेप असा, की हौशी माणूस सुट्टीच्या दिवशी, चांगल्या हवेत जातो, त्यामुळे त्याच्या नोंदी एकांगी होतात. याचे उत्तर शिस्तीत आहे. ब्रिटनमध्ये १९७६पासून स्वयंसेवक एप्रिल ते सप्टेंबर दर आठवड्याला त्याच वाटेने चालत फुलपाखरे मोजतात. वाट, वेग आणि योग्य हवामानाच्या अटी ठरलेल्या असल्यामुळे वेगवेगळ्या माणसांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येतात. आपल्याकडे ऋतू निराळे आहेत, म्हणून वर्षभर चालायला हवे, पण तत्त्व तेच. किती वेळ पाहिले ते लिहावे, आणि काहीच दिसले नाही तर शून्यही लिहावे. शून्य लिहिले नाही, तर पुढे कुणालाच कळणार नाही की त्या दिवशी पाकोळी नव्हती, की पाहणारा.

तेव्हा या आठवड्यात एक वाट ठरवा. गच्चीपासून कोपऱ्यावरच्या कढीपत्त्यापर्यंतचीही चालेल. पांढरा पडदा आणि दिवा लावून पतंग कसे पाहावेत, आणि पहाटे पक्षी येऊन त्यांना टिपण्याआधी तो दिवा का विझवावा, हे पुढच्या लेखात.