शाळेचे कुलूप मतपेटीने उघडले

शाळेची निवडणूक! हे शब्द आपल्या कानांना जरा चमत्कारिकच वाटतात. लोकसभा, विधानसभा, महानगरपालिका, ग्रामपंचायत, फार तर गृहनिर्माण सोसायटी, या निवडणुका आपल्या परिचयाच्या. पण मुलांच्या शाळा कोणी चालवायच्या हे ठरवण्यासाठी आईवडिलांनी रांगेत उभे राहून मत द्यायचे, ही कल्पना आपल्याकडे रुजलेली नाही. महाराष्ट्रातील महापालिकांची शिक्षण मंडळे असत, पण त्यांचे सदस्य नगरसेवक निवडत. पालकांना त्यात थेट मत नसे.

अमेरिकेत मात्र बहुतेक गावांत आणि शहरांत ‘स्कूल बोर्ड’ म्हणजे शिक्षण मंडळ नागरिकच निवडून देतात. सदस्य मोजकेच असतात. मानधन पुष्कळ ठिकाणी नसते किंवा नाममात्र असते. अधिकार मात्र मोठे. शाळांचा प्रमुख अधिकारी नेमणे, अंदाजपत्रक मंजूर करणे, शिक्षकांचे करार करणे, कोणत्या वस्तीतील मुलांनी कोणत्या शाळेत जायचे ते ठरवणे, हे सारे या मंडळाच्या हाती असते. असे असूनही या निवडणुकीकडे मतदार सहसा पाठच फिरवतात. अध्यक्षीय निवडणुकीची चर्चा घराघरात होते, पण शिक्षण मंडळावर कोण निवडून आले हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसते.

अशा या दुर्लक्षित निवडणुकीने एका शहराच्या शाळांची कुलुपे उघडली. ते शहर म्हणजे आर्कान्सा राज्याची राजधानी लिटल रॉक. वस्ती त्या वेळी सुमारे एक लाख. साल १९५९.

बंद शाळांचे वर्ष

लिटल रॉकचे नाव जगभर पोहोचले ते १९५७ साली. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना वेगवेगळ्या शाळांत बसवणे घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला होता. त्यानुसार सप्टेंबर १९५७ मध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी सेंट्रल हायस्कूलमध्ये जायला निघाले, तेव्हा राज्याचे गव्हर्नर ओरव्हल फॉबस यांनी सैनिक उभे करून त्यांची वाट अडवली. अखेर अध्यक्ष आयझेनहॉवर यांना केंद्राचे लष्कर पाठवावे लागले आणि संगिनींच्या पहाऱ्यात ही मुले वर्गात पोहोचली. त्यांच्यापैकी अर्नेस्ट ग्रीन हा मे १९५८ मध्ये त्या शाळेतून पदवीधर झालेला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला.

हा इतिहास अनेकांना ठाऊक असतो. त्यानंतरच्या वर्षाची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

सप्टेंबर १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले की, विरोध होतो म्हणून मुलांना एकत्र शिकवणे पुढे ढकलता येणार नाही. गव्हर्नर फॉबस यांनी त्यावर वेगळाच तोडगा काढला. शाळाच नसली तर एकत्र बसण्याचा प्रश्न कुठे येतो? शहरातील चारही सार्वजनिक हायस्कुले बंद करण्यात आली. ३,६६५ मुलेमुली घरी बसली.

२७ सप्टेंबरला या प्रश्नावर शहरात मतदान झाले. सर्व शाळांत गोरी आणि कृष्णवर्णीय मुले एकत्र शिकण्याच्या बाजूने ७,५६१ मते पडली, विरोधात १९,४७०. कुलुपे कायम राहिली.

शाळेच्या फुटबॉल संघांचे सामने मात्र चालूच राहिले. वर्ग बंद, मैदान सुरू! करारामुळे शिक्षक रोज शाळेत येत आणि रिकाम्या बाकांसमोर बसत. ज्यांची ऐपत होती त्यांनी मुलांना दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे पाठवले. गोऱ्या मुलांसाठी एक खासगी शाळाही घाईघाईने उभी राहिली. त्यामुळे सुमारे ९३ टक्के गोऱ्या मुलांची कुठे ना कुठे सोय लागली. कृष्णवर्णीय मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना त्या वर्षी शिक्षणच मिळाले नाही. कोणी सैन्यात गेले, कोणी मजुरीला लागले, कोणाचे लग्न झाले. त्यांतील कित्येक पुन्हा शाळेकडे वळले नाहीत.

दिवाणखान्यातील सभा

शहरातील प्रतिष्ठित पुरुष गप्प होते. व्यापाऱ्यांना गिऱ्हाईक तुटण्याची धास्ती, वकिलांना अशिलांची, राजकारण्यांना मतांची. तेव्हा पुढे आल्या अ‍ॅडॉल्फिन फ्लेचर टेरी. वय ७५ वर्षे. वडील यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेले, पती अमेरिकन काँग्रेसचे माजी सदस्य, भाऊ पुलित्झर पारितोषिक मिळवणारे कवी. त्या स्वतः १९०२ च्या पदवीधर आणि तरुणपणापासून राज्यातील शाळा सुधारण्यासाठी झटणाऱ्या. शहरातील अशा वजनदार घराण्यातील बाईंना गप्प बसवणे सोपे नव्हते.

व्हिव्हियन ब्रूअर आणि वेल्मा पॉवेल या दोघींना बरोबर घेऊन त्यांनी बेत आखला. वेल्मा यांचे पती सेंट्रल हायस्कूलमध्ये उपमुख्याध्यापक होते, त्यामुळे शाळेत काय चालले आहे हे त्यांना घरबसल्या कळत होते. १६ सप्टेंबर १९५८ रोजी टेरीबाईंच्या घरी ५८ स्त्रिया जमल्या आणि ‘शाळा उघडण्यासाठी महिलांची तातडीची समिती’ स्थापन झाली.

नावावरूनच समितीचे धोरण लक्षात येते. ‘वर्णभेद नष्ट करा’ असे या स्त्रिया उघडपणे म्हणत नव्हत्या. ‘शाळा उघडा’ एवढेच म्हणत होत्या. समितीत फक्त गोऱ्या स्त्रियांनाच घेतले गेले. कृष्णवर्णीय समाजासाठी वर्षानुवर्षे लढणाऱ्या डेझी बेट्स यांच्यासारख्या नेत्यांना तिथे जागा नव्हती. काठावरचे गोरे मतदार बिथरू नयेत म्हणून हे केले, असा त्यामागचा हिशेब होता. तो चतुर असेल, पण त्यात त्या काळाचा भित्रेपणाही होता. ज्या मुलांचे सर्वांत जास्त नुकसान होत होते, त्यांच्या आयांनाच या बैठकीत स्थान नव्हते.

तरीही समितीत येणे ही साधी गोष्ट नव्हती. सदस्यांची यादी गुप्त ठेवावी लागे. रात्रीअपरात्री फोन वाजत, शिव्या ऐकाव्या लागत. पतीची नोकरी किंवा धंदा अडचणीत येईल, ही भीती कायम असे. तरीही सदस्यसंख्या वाढत गेली आणि हजाराच्या वर पोहोचली.

४४ जणांची हकालपट्टी

नोव्हेंबर १९५८ मध्ये जुन्या शिक्षण मंडळातील पाच सदस्यांनी हताश होऊन राजीनामे दिले. सहावे आधीच काँग्रेसवर निवडून गेले होते. डिसेंबरमध्ये नवे मंडळ निवडण्यात आले, आणि तेही दुभंगलेले. तीन सदस्य मवाळ, तीन कट्टर वर्णभेदवादी. प्रत्येक ठराव तीन विरुद्ध तीनवर अडायचा.

५ मे १९५९ रोजी शिक्षकांच्या करारांचे नूतनीकरण होते. वाद विकोपाला गेला तेव्हा तिघे मवाळ सदस्य बैठकीतून उठून गेले. आपण गेलो की गणसंख्या उरणार नाही आणि बैठक संपेल, असा त्यांचा अंदाज होता. पण उरलेल्या तिघांनी आपणच मंडळ आहोत असे ठरवून कामकाज चालू ठेवले आणि ४४ शिक्षक व अधिकाऱ्यांना घरचा रस्ता दाखवला. त्यांत सेंट्रल हायस्कूलचे मुख्याध्यापक होते, वेल्मा पॉवेल यांचे पती होते आणि उपमुख्याध्यापिका एलिझाबेथ हकबीही होत्या. नऊ मुलांच्या त्या वर्षावर हकबीबाईंनी पुढे पुस्तक लिहिले आणि त्यावर दूरचित्रवाणीपटही निघाला.

इथे शहराचा संयम सुटला. ‘एकत्र शाळा’ या शब्दांना घाबरणारे पालकही आपल्या मुलांना वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या बाईंना काढून टाकलेले पाहून चिडले. पालक-शिक्षक संघांनी निषेध केला. तीनच दिवसांनी व्यापारी, वकील आणि इतर प्रतिष्ठित मंडळी एकत्र आली आणि ‘स्टॉप’ ही मोहीम सुरू झाली. या आद्याक्षरांचा अर्थ, ही लाजिरवाणी हकालपट्टी थांबवा. १९५७ नंतर शहरात नवे मोठे कारखाने येणे थांबले होते, हेही व्यापाऱ्यांना उशिरा का होईना उमगले होते.

निवडून दिलेल्या सदस्याला मुदतीपूर्वीच परत बोलावण्याची तरतूद होती. पुरेशा सह्या गोळा झाल्या आणि तिघा कट्टर सदस्यांवर मतदान ठरले. विरोधकांनीही ‘क्रॉस’ नावाची संघटना काढून तिघा मवाळ सदस्यांविरुद्ध सह्या गोळा केल्या. आता सहाही जण मतदारांसमोर उभे होते. गव्हर्नर फॉबस स्वतः वर्णभेदवाद्यांच्या बाजूने प्रचारात उतरले.

टेलिफोन, कार्डे आणि मोटारी

‘स्टॉप’च्या व्यासपीठावर पुरुष होते, पण मोहीम चालवली ती स्त्रियांनी. मागच्या आठ महिन्यांत त्यांनी निवडणुकीचे तंत्र अंगी बाणवले होते. त्या काळी आर्कान्सात मत द्यायचे तर ‘पोल टॅक्स’ भरल्याची पावती लागे. त्यामुळे मतदार कोण हे आधीच ठरलेले असे. समितीने याद्या मिळवल्या, नावे कार्डांवर उतरवली, कोण आपल्या बाजूचा, कोण काठावरचा याची छाननी केली. मग दूरध्वनी सुरू झाले. मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना केंद्रावर नेण्यासाठी मोटारी ठरल्या. केंद्रांवर लक्ष ठेवायला बायका बसल्या.

२५ मे १९५९ रोजी मतदान झाले. तिन्ही वर्णभेदवादी सदस्य पायउतार झाले, तिन्ही मवाळ सदस्य टिकले. मतांचा फरक अगदी थोडा होता. गोऱ्या कामगारवस्त्यांनी बहुतांशी कट्टर सदस्यांना साथ दिली. निकाल फिरवला तो सुखवस्तू गोऱ्या वस्त्यांनी आणि कृष्णवर्णीय वस्त्यांनी मिळून. ज्यांना समितीच्या बैठकीत जागा नव्हती, त्यांच्या मतांवाचून हा विजय मिळाला नसता.

काढून टाकलेल्या बहुतेकांना नव्या मंडळाने परत घेतले. जूनमध्ये शाळा बंद करण्याचा कायदा केंद्रीय न्यायालयाने रद्द ठरवला आणि १२ ऑगस्ट १९५९ रोजी हायस्कुले उघडली. त्या दिवशी सेंट्रलकडे निघालेला वर्णभेदवाद्यांचा मोर्चा पोलिसांनी पाण्याचा मारा करून पांगवला. सप्टेंबरमध्ये शिक्षण मंडळाच्या कार्यालयात सुरुंगाच्या दारूचा स्फोटही झाला. तरी शाळा पुन्हा बंद झाल्या नाहीत. हवेत गोऱ्यांच्या शाळांत पोहोचलेली कृष्णवर्णीय मुले तेव्हा बोटांवर मोजण्याइतकीच होती. खऱ्या बरोबरीची वाट त्यांना पुढेही अनेक वर्षे पाहावी लागली.

लढा आजही

याच शहरात २०१५ साली राज्य सरकारने शाळांचा दर्जा घसरल्याचे कारण देऊन निवडून आलेले शिक्षण मंडळ बरखास्त केले. शाळांवर पुन्हा नागरिकांचे मंडळ यायला २०२० ची निवडणूक उजाडावी लागली. मतदानाचा हा हक्क हातातून जाईपर्यंत त्याची आठवण कोणाला नसते, हे लिटल रॉकने दोनदा अनुभवले.

आपल्याकडे शाळेसाठी मतपेटी नाही, पण एक दार जरूर आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. शाळेच्या कामकाजावर आणि मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे, हे या समितीचे काम. तिच्या बैठकीची चिठ्ठी मुलाच्या दप्तरातून घरी आली, तर ती बाजूला ठेवण्यापूर्वी पालकांनी एकदा तारीख जरूर पाहावी.

टेरीबाईंची समिती १९६३ मध्ये विसर्जित झाली. सदस्यांची नावे मात्र कित्येक वर्षे गुप्तच राहिली. अखेर १९९८ साली ती टेरीबाईंच्या त्याच घराच्या खिडक्यांच्या काचांवर कोरण्यात आली. एकेकाळी ज्या नावांना उजेडाची भीती होती, त्या नावांतूनच आता त्या घरात ऊन येते.